मदत हवी आहे : स्वतः तयार केलेल्या स्टाइलमध्ये कॉर्ड धरताच बेस भलत्याच स्वरावर जातो

अरेंजर कीबोर्डवर स्वतःची स्टाइल (डाव्या हाताने धरलेल्या कॉर्डप्रमाणे आपोआप वाजणारी साथ) तयार करण्याचा माझा हा पहिलाच प्रयत्न असून गेले दोन आठवडे मी एकाच ठिकाणी अडले आहे. कीबोर्डमधल्या तयार स्टाइल्सपैकी सहा मात्रांच्या ज्या आहेत, त्या एक तर वॉल्ट्झकडे झुकतात किंवा संथ बॅलडकडे. मला हवा आहे तो दादऱ्याचा झुलता ठेका. म्हणून रिकामी स्टाइल घेतली, ताल ६/८ ठेवला, ‘मेन ए’ हा विभाग ४ मापांचा (बार) केला आणि आठ चॅनेलपैकी पाच भरले. ‘रिदम १’ वर तबला, ‘रिदम २’ वर शेकर, त्यानंतर बेस, ‘कॉर्ड १’ वर गिटार आणि ‘पॅड’वर तानपुऱ्यासारखा सतत वाजणारा षड्ज-पंचम, अशी ही मांडणी आहे.

ठेक्याविषयी तक्रार नाही. पहिल्या खेपेस मी तबल्याला पूर्ण क्वांटाइझ (ठोके मात्रांवर काटेकोर बसवणारी सोय) लावले तेव्हा तो कवायतीसारखा ताठ झाला होता. ते काढून हाताने वाजवले तसेच ठेवल्यावर त्यात जीव आला. अडचण स्वरांची आहे.

मला ही साथ ए मायनरमधल्या चालीसाठी हवी असल्याने बेस आणि गिटार मी ए मायनरमध्येच वाजवले. बेस ए आणि ई या दोन स्वरांवर फिरतो, तर गिटारवर ए, सी आणि ई हे तीन स्वर आहेत. ध्वनिमुद्रण करताना सारे नीट ऐकू येत होते. स्टाइल जतन करून डाव्या हाताने ए मायनर धरला, तर बेस ए सोडून भलतीकडेच गेला. माझ्या कानाला तो एफ शार्प वाटतो. गंमत अशी, की सी मेजर धरला तर मी जे वाजवले होते तेच जसेच्या तसे ऐकू येते. त्याखेरीज कॉर्ड बदलला की तानपुराही त्याच्यामागे सरकतो, आणि तानपुरा सरकला की मग उरले काय? जी मेजर धरल्यावर तर गिटार एकदम इतकी वर जाते, की मेंडोलिन वाजत असल्याचा भास होतो.

पॅरामीटर्सच्या पानावर सोर्स रूट, सोर्स कॉर्ड, एनटीआर, एनटीटी, हाय की आणि नोट लिमिट अशी नावे दिसतात. मी त्यांतल्या एकालाही हात लावलेला नाही. सर्व पुन्हा वाजवावे लागेल की यांतूनच काही मार्ग निघेल, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

सी मेजर धरल्यावर मूळ वादन जसेच्या तसे ऐकू येते, या तुमच्या एका वाक्यातच उत्तर आहे. तुम्ही दिलेली नावे यामाहाच्या स्टाइल पद्धतीतली आहेत आणि तिथे रिकाम्या स्टाइलचा सोर्स कॉर्ड, म्हणजे मूळ वादन ज्या कॉर्डमधले समजले जाते तो, सी मेजर सेव्हन्थ असतो. तुम्ही ए मायनर वाजवलात, पण कीबोर्डने ते सी मेजर सेव्हन्थवरचे वादन समजून घेतले. त्याच्या हिशेबाने तुमचा ए हा सीपासूनचा सहावा स्वर. ए मायनर धरल्यावर त्याने एपासूनचा सहावा शोधला, तो एफ शार्प. तुमच्या कानाने बरोबर ओळखले.

बेस आणि ‘कॉर्ड १’ या दोन्ही चॅनेलवर सोर्स रूट (त्या कॉर्डचा मूळ स्वर) ए आणि सोर्स कॉर्ड मायनर करून पाहा. ही मूल्ये प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र असतात, त्यामुळे एकावर बदलून दुसरे विसरू नका. तरीही माझे मत विचाराल तर हे दोन चॅनेल सी मेजर सेव्हन्थमध्येच पुन्हा वाजवावेत. बेसला सी, डी, ई, जी, ए, बी हे स्वर चालतात, एफ शक्यतो टाळावा. ‘कॉर्ड’ आणि ‘पॅड’ चॅनेलवर मात्र कॉर्डचेच स्वर घ्यावेत. मेजरचा मायनर करण्याचे काम कीबोर्डवर सोपवलेलेच बरे, कारण एनटीटीचे, म्हणजे कॉर्डच्या प्रकारानुसार स्वर बदलण्याचे, तक्ते त्यासाठीच असतात. मायनर चालीची साथ मेजरमध्ये वाजवणे सुरुवातीला विचित्र वाटते, हे खरे.

तानपुऱ्यासाठी एनटीआर (कॉर्डचा रूट बदलल्यावर स्वर कसे सरकावेत हा नियम) ‘रूट फिक्स्ड’ आणि एनटीटी ‘बायपास’ ठेवा. दोन्ही एकत्र हवेत. एनटीआर ‘रूट ट्रान्सपोज’वरच राहिले, तर बायपास असूनही स्वर धरलेल्या कॉर्डच्या रूटबरोबर सरकत राहील.

गिटारचे उडी मारणे हाय कीमुळे, म्हणजे कोणत्या रूटपर्यंत स्वर वर चढवायचे त्या मर्यादेमुळे, होते. ती एफ ठेवली तर सीपासून एफपर्यंतच्या कॉर्डसाठी स्वर वर चढतात आणि एफ शार्पपासून एक सप्तक खाली येतात, म्हणजे तुमचा जी मेजर मूळ वादनाच्या खालच्या बाजूस वाजेल. बेससाठी नोट लिमिटही आखून द्या. त्या मर्यादेबाहेर पडणारा स्वर सप्तक बदलून आत आणला जातो.

एक सूचना, जी सहसा कोणी आधी देत नाही. ही फाइल संगणकावरच्या साध्या मिडी सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका. स्टाइलच्या फाइलमध्ये मिडीच्या स्वरांसोबत कॅझम नावाचा एक भाग असतो आणि वरचे सगळे नियम त्यातच लिहिलेले असतात; तसे सॉफ्टवेअर स्वर राखते आणि तो भाग गाळून टाकते.

मूळ प्रश्नकर्तीकडून

मनःपूर्वक आभार. तानपुरा आता जागचा हलत नाही. बेसचा सोर्स ए मायनर केल्यावर तो ठिकाणावर आला. गिटार मात्र तुमच्या सल्ल्याप्रमाणे सीमध्ये पुन्हा वाजवली, तिची हाय की एफ केली, आणि जी मेजरवरचे मेंडोलिन नाहीसे झाले. आता ‘मेन बी’ करायला घेते आहे.