सहा महिन्यांच्या मेंटेनन्स कोर्ससाठी ८५ हजार भरावेत का?

तापीकाठ

राम राम मंडळी. मी जळगाव तालुक्यातला, तापीकाठच्या गावचा. २०२२ ला सरकारी आयटीआयमधून फिटर पास झालो. आता जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, ठेकेदाराकडून. हातात साडेचौदा हजार येतात. लूमचं (चटई विणायच्या मशीनचं) बेअरिंग, पंपाचं सील, गिअरबॉक्सचं ऑइल, हे सगळं मी एकटा बघतो. पण विजेच्या पॅनलचं दार उघडलं की मला बाजूला व्हावं लागतं. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मशीन उभी, आणि मी नुसता बघत उभा. हे फार लागतं मनाला.

पुण्याला एक सहा महिन्यांचा कोर्स आहे. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा), हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचं काम), न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरचं). फी ८५ हजार. राहणं आणि मेस महिना साडेआठ हजार धरले तर ५१ हजार. एकूण १ लाख ३६ हजार. नंतर चाकणला २२ हजारांची नोकरी लावून देऊ, असं फोनवर म्हणाले.

वडील पैसे द्यायला तयार आहेत. पण ते केळीचे पैसे आहेत. मागच्या पावसाळ्याआधीच्या वादळात अर्धी बाग आडवी झाली, उरलेल्या घडांचे जे आले तेवढेच. परवा जेवताना ते एवढंच म्हणाले, "पैसा मी देसू, पन त्या परत कवय येतीन?" ते परत कधी येतील, याचं मला उत्तर देता आलं नाही. जाणत्यांनी सांगा.

जुना फिटर, भुसावळ

भाऊ, वडिलांनी विचारलं तोच खरा प्रश्न आहे. आधी हिशेब पुरा कर. सहा महिने पगार बुडेल ते ८७ हजार तू धरलेच नाहीस. म्हणजे खर्च २ लाख २३ हजार.

आता चाकणचे २२ हजार. ते हातात येणारे की पीएफ, ईएसआय धरून, हे विचारलंस का? हातात आले असं समजू. खोली, मेस, गावी येणं-जाणं यात नऊ हजार जातील, उरले तेरा. आज तू घरी जेवतोस, पेट्रोल आणि चहापाणी जाऊन बारा उरत असतील. महिन्याला हजार रुपयांनी सव्वादोन लाख फेडायला अठरा वर्षांहून जास्त लागतील. कोर्स करून जळगावातच परत आलास आणि कुणी वीस हजार दिले, तर साडेपाच हजारांचा फरक पडतो. मग चाळीस महिन्यांत पैसे निघतात. वडिलांना सांगायचं उत्तर हे. पण ते वीस हजार कोण देणार, हे पैसे भरायच्या आधी आपल्याच एमआयडीसीत चार ठिकाणी जाऊन विचार.

मी २००९ साली असाच १८ हजार भरून पीएलसी शिकायला गेलो होतो. वीस पोरं आणि सरावाचं एक किट. माझा हात त्या किटला महिन्यात तीनदा लागला असेल. लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) काढायला शिकलो, दाखला मिळाला. परत येऊन पाहतो तर कारखान्यात प्रोग्रॅमला हात लावायची वेळच येत नाही. बिघडतं ते बाहेरचं: प्रॉक्सिमिटी सेन्सर सरकलेला, लिमिट स्विच अडकलेला, रिलेचा पॉइंट जळालेला, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची वायर तुटलेली. पीएलसी बिचारा इनपुटची वाट बघत असतो. इनपुटचा दिवा लागतो की नाही, एवढं बघता आलं तरी निम्मा शोध संपतो.

माझा पगार वाढला तो वेगळ्याच गोष्टीने. आमच्याकडे चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या मशीनच्या) पंपाचं ६३०८ नंबरचं बेअरिंग दर दोन महिन्यांनी जायचं. मी इमानदारीने नवीन बसवायचो. एकदा एक म्हातारे मिस्त्री आले, कपलिंगला (मोटर आणि पंपाच्या जोडाला) डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावला आणि मला हाताने फिरवायला सांगितलं. काटा ४० पॉइंट हलला, म्हणजे ०.४ मिलिमीटर. मोटरचा एक पाय बेसवर टेकतच नव्हता, बोल्ट आवळला की मोटर वाकडी व्हायची. पायाखाली शीम (पातळ पत्रा) घालून ते ५ पॉइंटवर आणलं. पुढे तेच बेअरिंग दोन वर्षं चाललं. त्यानंतर कारखान्यातल्या प्रत्येक पंपाला मी डायल लावला. मालकांनी स्वतः बोलावून दीड हजार वाढवले, कारण खरेदीच्या वहीत बेअरिंगचा खर्च त्यांना दिसत होता. तूही कोणती मशीन किती तास उभी होती आणि का, हे वहीत लिहायला लाग. वाढ मागताना तीच वही पुढे ठेवायची.

तरीही जायचंच असेल तर एक दिवस पुण्याला जाऊन वर्ग बघून ये. एका किटवर किती जण, मुद्दाम बिघाड करून शोधायला लावतात का, हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह खोलून हातात देतात का, हे विचार. आणि मागच्या बॅचच्या दोन पोरांशी बोल. पोरं त्यांनी निवडलेली नकोत, तू शोधलेली हवीत.

अवधानची इलेक्ट्रिशियन

दादा, मी धुळ्याला अवधान एमआयडीसीत आहे. पॅनल शिकायची तुमची तळमळ समजते, पण ४१५ व्होल्टचं पॅनल आहे, बघून बघून हात घालू नका. मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद, त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, मग मीटरने तिन्ही फेज तपासायचे. आमच्याकडे एकाने फक्त स्टॉप बटण दाबून हात घातला होता. हात वाचला, दोन बोटं गेली.

मी आयटीआयनंतर अप्रेंटिस केली, ७ हजार स्टायपेंड होता. तेव्हा कमी वाटला, पण शिकताना घरून पैसे द्यावे लागले नाहीत. पुढे वायरमनचा परवाना काढला आणि १३ हजारांवरून १७ झाले. कोर्सच्या दाखल्यापेक्षा असा परवाना पगाराच्या बोलणीत जास्त उपयोगी पडला.

आणखी एक रस्ता सांगते. दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. दोन वर्षं पगार बुडेल हे खरं, पण डिप्लोमा आयुष्यभर चालतो. सहा महिन्यांच्या कोर्सला मोठ्या कंपन्यांच्या अर्जात वेगळा रकानाच नसतो.

शहाद्याकडचा

मी साखर कारखान्यात आहे. आमच्याकडे दुसऱ्या श्रेणीचा बॉयलर अटेंडंट दाखला असलेल्या फिटरला मागणी आहे. दाखलेवाल्या माणसाशिवाय बॉयलर चालवताच येत नाही. त्याला आधी बॉयलरवरचा अनुभव लागतो, म्हणून सुरुवात हेल्परच्या पगारापासून होते. गाळप संपलं की ओव्हरहॉलिंगला फिटर लागतातच, तेव्हा येऊन बघा.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. रविवारी पुण्याला जाऊन आलो. २४ मुलांना तीन किट आहेत, हायड्रॉलिकचा बेंच बंद होता. २२ हजार हे सगळं धरून आहेत, हातात साडेअठरा येतील असं तिथल्याच सरांनी सांगितलं. खोटं बोलले नाहीत, मी विचारलं नव्हतं.

वडिलांसमोर कागदावर हिशेब मांडला. त्यांनी दोनदा वाचला आणि त्या पैशांत केळीची टिश्यूची (लॅबमध्ये वाढवलेली) रोपं बुक केली. आमच्या इलेक्ट्रिशियन काकांशी बोललो. पहिल्या पाळीनंतर रोज तासभर थांब, बंद पॅनलवर ड्रॉइंग वाचायला शिकवतो म्हणाले. पॉलिटेक्निकचं पुढच्या जूनला ठरवीन.

भुसावळच्या दादांना एकच विचारतो. आमच्या पंपाचा बेस गंजलेला आहे, डायल गेजचं मॅग्नेट त्यावर नीट धरत नाही. तुम्ही स्टँड कपलिंगवरच बांधायचात का?