‘ट्रूथ’ भाचीला आत्ता द्यावं का? आणि त्यातल्या चित्रांबद्दल तुमचं मत काय?

निळीशाई
माझी भाची अकरावीत आहे. ‘फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ ही मालिका बघितल्यापासून आयझाया ब्रॅडली तिच्या डोक्यातून जात नाही. त्याला तुरुंगात का टाकलं, असं खरंच कुणाबरोबर झालं होतं का, हे ती मला सारखं विचारते. हे पात्र ज्यातून आलं ते ‘ट्रूथ: रेड, व्हाइट अँड ब्लॅक’ हे 2003 सालचं सात अंकी कॉमिक माझ्याकडे आहे. लेखन रॉबर्ट मोरालेसचं, चित्रं काइल बेकरची.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कर एका छावणीतले 300 कृष्णवर्णीय सैनिक उचलतं आणि साध्या सैनिकाला अचाट ताकदीचा करणारं सुपर-सोल्जरचं औषध त्यांना टोचून बघतं. बहुतेक जण हाल होऊन मरतात, घरच्यांना खोटी कारणं कळवली जातात. शेवटी उरतो एकटा आयझाया. तो कॅप्टन अमेरिकाचा पोशाख घालून जर्मनीतल्या मोहिमेवर जातो आणि परत आल्यावर पोशाख चोरला म्हणून त्याच्यावरच खटला चालतो. 17 वर्षं एकांतकोठडी!

आमच्या वाचकगटात यावर दोन आक्षेप आले. पहिला, कॅप्टन अमेरिकासारख्या लहानपणापासूनच्या नायकाला डाग लावला. हा मला अजिबात पटत नाही. सायमन आणि कर्बी या दोन ज्यू तरुणांनी हिटलरला ठोसा मारणारा कॅप्टन अमेरिका 1940 च्या डिसेंबरात विक्रीला आणला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. त्यांना धमक्या आल्या होत्या. म्हणजे या नायकाचा जन्मच भूमिका घेऊन झालाय. शिवाय ‘ट्रूथ’मध्ये स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे मूळचा कॅप्टन अमेरिका, स्वतः खरं काय ते शोधत आयझायाच्या बायकोच्या, फेथच्या दारात येतो. तो मला आणखी मोठा वाटला.

दुसऱ्या आक्षेपावर मी अडले आहे. एवढ्या भयंकर विषयाला ही कार्टूनसारखी चित्रं का? आणि सोळा वर्षांच्या मुलीला हे झेपेल का?

रविवारवाचक
मी चित्रांमुळेच दुसऱ्या अंकावर थांबलो. गोल गोल चेहरे, मोठे दात, फुगलेले दंड. लेखन गंभीर आणि चित्रं विनोदी मासिकातली, हे जमत नाही. कृष्णवर्णीय माणसांना असं काढलं की मला अवघडायला होतं. वास्तववादी चित्रकार घ्यायला हवा होता.

खडूफळा
रविवारवाचक, तुमचं अवघडणं रास्त आहे, त्याला इतिहास आहे. 1941 मध्ये याच प्रकाशनाच्या, म्हणजे आताच्या मार्व्हलच्या, ‘यंग अलाइज’ या कॉमिकमध्ये कॅप्टन अमेरिकाचा छोटा साथीदार बकी याच्यासोबत एक कृष्णवर्णीय मुलगा होता. जाड ओठ, बटबटीत डोळे, कायम भेदरलेला. तेव्हा अशी पात्रं सर्रास काढायचे आणि त्या सगळ्यांना मिळून एकच चेहरा असायचा.

आता बेकरचा पहिला अंक पुन्हा उघडा. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे माझं लक्ष आधी रेषेकडे जातं. न्यू यॉर्कचा आयझाया, फिलाडेल्फियाच्या सधन घरातला मॉरिस, सार्जंट इव्हान्स. तिघांची हनुवटी, मान, उभं राहण्याची ढब वेगळी. कुणीही दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. बेकर कार्टूनचीच भाषा वापरतो, पण ती एकेका माणसाला ओळख द्यायला वापरतो. घरातली थट्टा, नवरा-बायकोची जवळीक, आईबापांशी वाद, हे सगळं त्या लवचीक रेषेत जिवंत होतं.

मग प्रयोगशाळा येते. व्यंगचित्रकाराचं मुख्य हत्यार अतिशयोक्ती. अवयव फुगवायचा, ताणायचा. बेकर तेच करतो, फक्त इथे शरीर खरोखर फुगतं आणि फुटतं. ज्या रेषेने हसवलं तीच आता बघवत नाही. वास्तववादी चित्रात ही पानं निव्वळ रक्तबंबाळ झाली असती, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीतल्या मोहिमेची पानं मात्र मला उणी वाटतात. पार्श्वभूमी रिकामी राहते आणि जागेचं भय जाणवत नाही.

ताई, मुलीला द्या, पण आधी टस्कीगीबद्दल सांगा. 1932 ते 1972, अलाबामात, सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर ‘अभ्यास’ केला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते दिलं नाही, कारण रोग पुढे कसा जातो ते बघायचं होतं. हे माहीत असलं की औषध टोचण्याची पानं कल्पनेतली राहत नाहीत.

निळीशाई
हे अतिशयोक्तीचं लक्षात आलंच नव्हतं! आता तीच पानं काढून बसलेय. टस्कीगी तिला सांगेन. पण तो प्रयोग सैनिकांवरचा नव्हता ना? ती नक्की विचारेल.

पलटणवाडी
सैनिकांवरचेही होते. युद्धकाळात अमेरिकेने हजारो सैनिकांवर मस्टर्ड वायूच्या चाचण्या केल्या. त्यातल्या काही वंशानुसार निवडलेल्यांवर, म्हणजे कृष्णवर्णीय, जपानी-अमेरिकन आणि प्वेर्तो रिकोच्या सैनिकांवर. त्यांची कातडी गोऱ्यांपेक्षा वेगळी भाजते का, हे बघायला. आणि भाचीला हेही सांगा की ब्रिटिशांनी 1930 च्या दशकापासून रावळपिंडीत आपल्या हिंदी सैनिकांवर याच वायूचे प्रयोग केले. शेकडो जवान, काही जण साध्या हाफ पँटीत आणि सुती शर्टात. भाजून इस्पितळात गेले. 2007 मध्ये ब्रिटनच्या सरकारी दप्तरातून हे छापून आलं. आमच्या घरात तीन पिढ्या पलटणीत आहेत, पण याबद्दल कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

इटलीचाही धागा आहे. 1944 च्या डिसेंबरअखेर सेर्किओच्या खोऱ्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या 92 व्या डिव्हिजनवर जर्मनांचा हल्ला आला, तेव्हा मदतीला आपली 8 वी इंडियन डिव्हिजन गेली होती. याच डिव्हिजनमधल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि त्याच वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याच आठवड्यात, इटलीतच, 92 व्या डिव्हिजनचा व्हर्नन बेकर लढला. त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं 1997 मध्ये! दुसऱ्या महायुद्धासाठी ते पदक तोवर एकाही कृष्णवर्णीयाला दिलेलं नव्हतं. त्या दिवशी सात जणांना दिलं, त्यातला व्हर्नन बेकर एकटाच हयात होता.

मुलगी ‘असं खरंच झालं होतं का’ विचारते ना, मग व्हर्नन बेकरपासूनच सुरुवात करा. आणि तुमच्याकडे एकत्रित आवृत्ती असेल तर मागची मोरालेसची टिपणंही तिला वाचू द्या. गोष्टीतलं कुठलं पान कुठल्या घटनेवरून आलं, ते त्याने त्यात सांगितलंय.