मदत हवी आहे: देवनागरी पत्ते असलेल्या संकेतस्थळाच्या मेन्यूत चालू पान ठळक कसे दाखवावे?

नमस्कार.

आमच्या तालुक्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. ते साध्या एचटीएमएल पानांचे आहे. मेन्यू एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवला असून कोणतेही पान उघडले की जावास्क्रिप्टच्या 'फेच'ने तो आणून वरच्या भागात बसवला जातो, म्हणजे नवा विभाग जोडताना एकाच फाइलमध्ये बदल करावा लागतो. वाचक ज्या पानावर आहे त्याचे नाव या मेन्यूत उठून दिसावे, एवढीच अपेक्षा आहे. आमच्या वाचकांपैकी बरेच जण ज्येष्ठ आहेत. मोबाइलवर दिवाळी अंकांच्या याद्या चाळताना आपण नेमके कोणत्या विभागात आहोत हे कळले नाही, तर ते पुन्हा पुन्हा मुख्यपृष्ठावर परततात. म्हणून ही बाब मला केवळ सजावटीची वाटत नाही.

सीएसएसमधील (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील) 'ॲक्टिव्ह' हा सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागू करायचा हे सांगणारी खूण, येथे उपयोगी नाही, कारण दुवा दाबलेला असतो तेवढ्या क्षणापुरताच तो लागू होतो. त्यामुळे मेन्यू पानात बसल्यानंतर चालणारा एक छोटा कोड लिहिला आहे. तो मेन्यूतील प्रत्येक दुव्याचे 'एचरेफ' (दुव्यात लिहिलेला पत्ता) 'गेटॲट्रिब्यूट'ने वाचतो, 'लोकेशन.पाथनेम'शी (उघडलेल्या पानाच्या पत्त्यातील संकेतस्थळाच्या नावापुढच्या भागाशी) ताडून पाहतो आणि दोन्ही सारखे असतील तर त्या दुव्याला 'एरिया-करंट' हे ॲट्रिब्यूट (टॅगमधील गुणधर्म) 'पेज' या किमतीसह लावतो. ठळक दिसण्याचे सीएसएस याच ॲट्रिब्यूटवर आधारलेले आहे. निराळा क्लास मुद्दाम टाळला, कारण 'एरिया-करंट' असले की स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या वाचकालाही हे चालू पान आहे हे ऐकू येते.

मुख्यपृष्ठावर आणि संपर्काच्या पानावर हे व्यवस्थित चालते. संपर्काच्या पानाचा पत्ता रोमन लिपीत आहे. मात्र 'ग्रंथसूची', 'दिवाळी-अंक' आणि 'उपक्रम' या देवनागरी पत्त्यांच्या पानांवर काहीच ठळक होत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोडच्या तपासणीच्या खिडकीत) पाहिले असता 'लोकेशन.पाथनेम' देवनागरी अक्षरे देतच नाही, तर टक्केचिन्हांची लांबलचक माळ देते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. त्यामुळे मात्रा, अनुस्वार आणि हलन्त धरून ९ चिन्हांचा 'ग्रंथसूची' हा शब्द तिथे ८१ अक्षरांचा होतो. मेन्यूच्या फाइलमध्ये मात्र तो देवनागरीतच आहे, म्हणून तुलना जुळत नाही, इथपर्यंत उलगडा झाला आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. पानाचा पत्ता 'डीकोडयूआरआय'ने (टक्केचिन्हांची पुन्हा अक्षरे करणाऱ्या फंक्शनने) उलगडून तुलना करावी, की याहून भरवशाचा मार्ग आहे? दुसरे म्हणजे, 'दिवाळी-अंक' या विभागात प्रत्येक वर्षाचे स्वतंत्र पान आहे आणि त्या पानांवर असतानाही मेन्यूतील 'दिवाळी अंक' ठळक राहावे असे वाटते. त्यासाठी 'स्टार्ट्सविथ' (पत्त्याची सुरुवात जुळते का हे पाहणारे फंक्शन) वापरले तर मुख्यपृष्ठाचा दुवा सर्वच पानांवर ठळक होतो, कारण त्याचा पत्ता नुसता स्लॅश आहे आणि प्रत्येक पत्त्याची सुरुवात स्लॅशनेच होते. शिवाय 'उपक्रम-वृत्तांत' उघडले की 'उपक्रम'ही उजळते.

प्रतिसाद १

आपले निदान बरोबर आहे. 'गेटॲट्रिब्यूट' सोडून द्यावे आणि दुव्याचे स्वतःचे 'पाथनेम' वाचावे. 'गेटॲट्रिब्यूट' फाइलमध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा देतो. 'पाथनेम' मात्र ब्राउझरने पूर्ण पत्ता तयार केल्यानंतरचा भाग देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना टक्केचिन्हे येतात आणि तुलना जुळते. पुढे कोणी मेन्यूत संकेतस्थळाच्या नावासह पूर्ण पत्ता लिहिला, तरीही हा कोड बिघडणार नाही.

विभागांसाठी दुव्याच्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश नसेल तर तो जोडावा, पानाच्या पत्त्यालाही तसाच जोडावा आणि मगच 'स्टार्ट्सविथ' वापरावे. 'उपक्रम' या शब्दापुढे स्लॅश आला की 'उपक्रम-वृत्तांत' त्याच्याशी जुळू शकत नाही. मुख्यपृष्ठासाठी वेगळी अट हवी: पत्ते तंतोतंत सारखे असतील तरच ते ठळक करावे. वर्षाच्या पानावर असताना 'दिवाळी अंक' या दुव्याला 'पेज' ही किंमत देऊ नये, कारण तो दुवा त्या पानाचा नाही; तेथे 'ट्रू' द्यावे. सीएसएसमध्ये किंमत न लिहिता नुसत्या 'एरिया-करंट'वर सिलेक्टर ठेवला की दोन्ही ठिकाणी एकच रूप लागू होते.

रूपाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. केवळ रंग बदलून थांबू नये, कारण रंगांतील फरक सर्वांना सारखा जाणवत नाही, आणि ज्येष्ठ वाचकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. अक्षरे जाड केली तर शब्दाची रुंदी वाढते आणि शेजारचे दुवे सरकतात. सरळ अधोरेखन केले तर ते उकारांना आणि जोडाक्षरांच्या खालच्या भागांना छेदते किंवा तिथे तुटते. खाली पुरेसे पॅडिंग (मोकळी जागा) देऊन जाड 'बॉर्डर-बॉटम' (खालची कडेची रेघ) घेतली, तर देवनागरीत ती सर्वांत स्वच्छ दिसते.

प्रतिसाद २

वरील उत्तराला एक पुरवणी. टक्केचिन्हांपुढील अक्षरे काही ठिकाणी मोठ्या लिपीत, तर काही ठिकाणी लहान लिपीत लिहिली जातात. दुव्याचा देवनागरी पत्ता ब्राउझर स्वतः बदलतो तेव्हा मोठी अक्षरे वापरतो, पण बाहेरून आलेल्या पत्त्यात लहान अक्षरे असतील तर ती तशीच ठेवतो. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील दुव्यावरून आलेल्या वाचकाला तेच पान दिसेल, पण मेन्यूत काहीच ठळक होणार नाही, आणि हा दोष शोधणे फार त्रासाचे असते. म्हणून दोन्ही 'पाथनेम' घ्यावेत आणि तुलनेपूर्वी दोन्ही 'डीकोडयूआरआय'ने उलगडावेत. कुठे अर्धवट तुटलेला पत्ता आला तर 'डीकोडयूआरआय' त्रुटी फेकते आणि पुढचा कोड थांबतो, त्यामुळे ते 'ट्राय-कॅच'मध्ये (त्रुटी आली तरी कोड न थांबू देणाऱ्या रचनेत) ठेवावे आणि 'कॅच'मध्ये मूळ पत्ताच परत द्यावा.