भावाचा मॅच आहे, म्हणून ट्रान्सप्लांट करायलाच हवं का?

घडीची_पोळी
मुलगी सहा वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे तिच्या शरीरात रक्त नीट तयारच होत नाही. सातव्या महिन्यापासून दर वीस-बावीस दिवसांनी रक्त चढतं. धाकट्याच्या वेळी पोटात असतानाच तपासून घेतलं होतं, तो मायनर निघाला, म्हणजे फक्त वाहक. त्याचा बोन मॅरो (हाडातला रक्त तयार करणारा मगज) तिला चालेल का, हे बघायला मागच्या महिन्यात त्याची एचएलए तपासणी केली तर पूर्ण मॅच! सख्ख्या भावंडांत चारात एकाचा जुळतो म्हणे. घरात पेढे आले. तेव्हापासून सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "तारीख कधीची?"

माझं मत सरळ लिहिते. जी मुलगी आज शाळेत जाते, दोरीच्या उड्या मारते, तिला मी ट्रान्सप्लांटच्या अशा खोलीत का पाठवू, जिथून शंभरातली पाच-सात मुलं परत येत नाहीत? हा आकडा डॉक्टरांनीच सांगितला. रक्त मोफत मिळतंय, त्यातून साचणारं लोह काढायच्या, पाण्यात विरघळवून द्यायच्या गोळ्या मिळतायत. मॅच मिळाला म्हणजे मुहूर्त निघाला असं नाही.

उंबरठा
असहमत, आणि जरा रागानेच लिहितेय. माझ्या मुलाचं पाचव्या वर्षी झालं, बहिणीच्या बोन मॅरोवर. आता तेरा वर्षांचा आहे. सोपं नव्हतं. जवळजवळ महिनाभर काचेआडच्या खोलीत, केस गेले, तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळवेना. पुढे कित्येक महिने प्रतिकारशक्ती दाबायची औषधं. सगळ्या लसी पहिल्यापासून. रक्तगट बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला. नातेवाईक याला चमत्कार म्हणतात. त्यांना हे माहीत नाही की नंतर दीड वर्ष आम्ही त्याचं रक्त थोडं थोडं काढत होतो, आधीच्या पिशव्यांचं साचलेलं लोह बाहेर यावं म्हणून. ज्या हाताला चढायचं त्याच हातातून.

तुम्ही तुलना आजच्या सहा वर्षांच्या मुलीशी करताय, ताई. सोळा वर्षांच्या मुलीशी करा. ती गोळ्यांचं पाणी बेसिनमध्ये ओतेल आणि तुम्हाला वर्षभर कळणार नाही.

लोहपुरुष_३६
बेसिनमध्ये ओतणारा तो मीच. :) नावातलं ३६ म्हणजे वय, आणि लोह का ते कळलं असेलच. एका पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह येतं आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. हिशेब कुठेच बसत नाही. लहानपणी ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई टोचून रात्रभर पंप चालायचा, आठवड्यातून पाच रात्री. सतराव्या वर्षी फेरिटिन (साठलेल्या लोहाचा रक्तातला आकडा) ४८०० होतं. आज दोन औषधांवर नऊशेच्या आसपास आहे.

नोकरी आहे, लग्न झालंय. पत्रिका नंतर बघितली, आधी तिचं एचबी-ए-टू, म्हणजे ती मायनर आहे का ते सांगणारी रक्ततपासणी. (२०१६च्या दिव्यांग कायद्यात आपण आलो, कॉलेजात आरक्षण मिळतं, सरकारी नोकरीत मात्र नाही. असो.) मॅच असूनही थांबणाऱ्या आईला कोणी नाकर्ती म्हणू नये एवढंच म्हणणं. अशा आयुष्याला अर्धं आयुष्य समजतात त्याचा मला राग येतो. हां, मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्तपेढीत खडखडाट; तेव्हा मीही ट्रान्सप्लांटवाल्यांचा हेवा करतो.

दहिवर
दादा, तुम्ही हे लिहू शकताय कारण तुम्ही उरलात. माझी बहीण बाविसाव्या वर्षी गेली. हृदयात लोह. तेव्हा आम्हाला पंप परवडायचा नाही, महिन्याआड भाड्याने आणायचो. ट्रान्सप्लांटमध्ये गेलेलं मूल एका रात्रीत जातं म्हणून मोजलं जातं. असं हळूहळू जाणारं कोण मोजतं?

कोनाडा
आणि मॅरो देणाऱ्या त्या तीन वर्षांच्या धाकट्याला कोणी विचारलं? भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून काढणार ना?

उंबरठा
माझी मुलगी तिसऱ्या दिवशी अंगणात लंगडी खेळत होती. काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. प्रश्न गैर नाही, पण इथे तो सगळ्यात लहान आहे.

रात्रपाळी
थॅलेसेमिया डे केअरला नर्स आहे, बारा वर्षं. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत: थांबणं फुकट नसतं. इटलीतल्या पेसारोच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटआधी तीन गोष्टी बघायला शिकवलं. यकृत वाढलंय का, त्यात चट्टे आलेत का, आणि लोह काढायचं औषध नियमित होतं का. तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर तुमचा तो पाच-सातचा आकडा. एकेक बिघडत गेलं की तो आकडा वाढतो. "मोठी झाल्यावर तिलाच ठरवू दे" म्हणणारे पालक सोळाव्या वर्षी येतात तेव्हा तेच यकृत राहिलेलं नसतं.

दुसरं, जे कुणी बोलत नाही. ट्रान्सप्लांटआधी देतात त्या किमोने अंडाशयाला इजा होऊ शकते. मुलीच्या आईने हे आत्ताच विचारायचं. ओशाळायचं नाही. पैशाचं म्हणाल तर कोल इंडियाच्या योजनेत ठरावीक रुग्णालयांत १० लाखांपर्यंत मदत मिळते, उत्पन्नाची अट बघून घ्या.

लोहपुरुष_३६
सिस्टर, 'थांबणं फुकट नसतं' हे मान्य. घाई फुकट असते हे अमान्य.

घडीची_पोळी
सगळं वाचलं. मत बदललं असं लिहिणार नाही, दहिवर यांचा प्रतिसाद मात्र रात्री दोनदा वाचला. अंडाशयाचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

एक गोष्ट वर लिहिली नव्हती. फेरिटिन २६०० आहे. गोळी रोज देतो असं मी डॉक्टरांना सांगते. आठवड्यातून दोनदा तरी चुकते. सकाळी उपाशीपोटी ते खडूसारखं पाणी ती ओकते, शाळेची बस दारात उभी असते, मी सोडून देते. मंगळवारी लिव्हरचा एमआरआय आहे.

लोहपुरुष_३६
ताई, मंगळवारी हेही खरं सांगा. आणि त्याच औषधाची गिळायची गोळी लिहून मिळते का विचारा. ती हलक्या नाश्त्याबरोबर चालते, लहानांना कुटून दह्यातही देता येते. मी बेसिनमध्ये ओतणं त्या गोळीवरच सोडलं.