आईचं ऑपरेशन, ९ वर्षांचा मुलगा: तीन रात्रींची सोय कशी लावायची?

घोडबंदरकर
मुलगा ऑटिस्टिक, बोलत नाही, सोबत फिट्सही आहेत (सिरप चालू). दीड महिन्याने बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन. तीन रात्री ती घरी नसेल आणि मी हॉस्पिटलमध्ये. आजी आहे, पण तिला तो आवरत नाही. ठाण्यात तीन दिवस ठेवून घेणारी जागा शोधू, की नर्सिंग ब्युरोकडून (घरी सांभाळायला माणूस पुरवणारी एजन्सी) माणूस आणू? त्याचा दिव्यांगत्वाचा दाखला अजून काढलेला नाही.

माजिवडा_स्पेशलएज्युकेटर
घरीच करा. निवासी संस्था बहुधा वर्षाच्या प्रवेशावर चालतात, आणि एवढ्या दिवसांत नवी जागा त्याच्या अंगवळणी पडणार नाही.

ब्युरोची ‘२४ तासांची मावशी’ म्हणजे रात्री झोपणारी मावशी. तुम्हाला जागं माणूस हवंय, म्हणून १२-१२ तासांचे दोघं मागा. यातले बरेच जण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं करून आलेले असतात. दार उघडं दिसताच लिफ्टकडे धावणाऱ्या पोरामागे पळायची त्यांना सवय नसते. तीच दोन माणसं येतील, बदली पाठवणार नाही, हे ब्युरोकडून लिहून घ्या. इथेच सगळं फिसकटतं: सरावाला एक बाई येते आणि ऐन दिवशी भलतीच दारात उभी.

सराव आजपासून धरा. पहिला आठवडा आई घरातच, पण भरवणं माणसाकडे. मग आई तासभर खाली. मग रात्रीचं जेवण, आंघोळ, झोपवणं. शेवटी पूर्ण एक रात्र, आई-बाबा दोघंही बाहेर. आईने गुपचूप सटकायचं नाही. मुलाला एकदा कळलं की आई न सांगता जाते, मग तो दार सोडत नाही. जाताना प्रत्येक वेळी एकच खूण. ऑपरेशनच्या आठवड्यासाठी फोटोंची पट्टी करा: तीन चंद्र, शेवटी आईचा फोटो. रोज सकाळी पट्टीवरचा एक चंद्र काढून टाकायचा.

फ्रिजवर एकच पान लावा, दोन नको, दुसरं कुणी वाचत नाही. त्यात स्वभावाचं वर्णन नको, ‘असं दिसलं तर हे करा’ असं लिहा. ‘कानावर हात: मिक्सर किंवा कुकर बंद करा, जवळ घेऊ नका.’ ‘चड्डी ओढतो: दोन मिनिटांत संडास.’ ‘वरण पातळ, भात मऊ, वेगवेगळ्या वाट्यांत, कालवलेलं खात नाही.’

बाल्कनीच्या दाराला वरून कडी, रात्री सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, वॉचमनकडे मुलाचा फोटो आणि तुमचा नंबर.

कळवा_नर्स
फिट्सचं वेगळं लिहिते, कारण तीन दिवसांत बिघडलं तर बहुधा इथेच बिघडेल.

सिरप चमच्याने देऊ नका. घरातला चमचा ५ मिलीचाच असेल असं नाही. सुई नसलेली सिरिंज आणा आणि मात्रेच्या रेघेवर मार्करने खूण करा. दह्यात मिसळून दिलं आणि अर्धी वाटी उरली, तर अर्धा डोस गेला. चुकलेला डोस हे फिट येण्याचं नेहमीचं कारण आहे. दिल्यावर उलटी झाली तर काय करायचं, ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

फिट आली की आधी घड्याळ बघायचं. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काही घालायचं नाही. (कांदा, चप्पल हुंगवणारी आजी असेल तर तिलाही हे सांगा.) पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलमचा नाकातला स्प्रे, आणि १०८. हा स्प्रे फवाऱ्यामागे ०.५ मिग्रॅ आणि १.२५ मिग्रॅ अशा दोन्ही ताकदींत मिळतो, त्यामुळे ‘चार फवारे’ एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या बाटलीचे, तेही लिहा. नवी बाटली आधी हवेत मारून पंप भरून घ्यावी लागते. नाहीतर ऐन वेळी पहिले फवारे कोरडेच जातात.

सानपाडा_पालकगट
दाखल्याचं: घरच्या सोयीला तो लागत नाही, पण अर्ज आत्ताच टाका. स्वावलंबन या दिव्यांगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. नुसत्या फिट्सवर दाखला मिळत नाही, तो ऑटिझमवर निघेल. त्यासाठी आयएसएए ही ऑटिझम मोजणारी ४० मुद्द्यांची चाचणी होते. आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरशः एक हवं, नाहीतर अर्ज परत येतो.

दाखला हातात आला की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विमा पॉलिसी काढा. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही धरतात, पण प्रत्येक बाबीची मर्यादा वेगळी. ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत काढली तर जेमतेम महिना-दीड महिना मिळतो.

कामोठे_ताई
नवी मुंबईकडचं कुणी वाचत असेल तर: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, खारघर-कामोठे रायगड. मूल १८ चं झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो, म्हणजे आपल्याला अलिबाग. मूल्यमापनासाठी खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे. घोडबंदरकर दादा, तुम्हालाही ठाण्याहून पनवेल लोकलने थेट येता येईल.

घोडबंदरकर
आभार. आजीला नेमकं काय काम द्यावं?

माजिवडा_स्पेशलएज्युकेटर
चंद्र काढायचा आणि सिरप दिल्यावर वहीत वेळ टाकायची. धावायचं काम मावशीचं.