मदत हवी आहे: सर्वांत जुना नमुना १९५९ चा, मग एचआयव्हीचं मूळ १९२० कशावरून?

नमस्कार मंडळी. भुसावळजवळ ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, दरवर्षी प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, पोरं घरी जातात. यंदा ठरवलं, हा विषाणू माणसात कधी आला ते जनुकांवरून कसं शोधलं, हे सांगायचं.

आग्नेय कॅमेरूनमधले चिंपांझी, तिथून काँगोतलं किन्शासा, मग रेल्वेने त्याच देशातल्या लुबुंबाशीपर्यंत. १९४८ च्या सुमारास किन्शासातून वर्षाला दहा लाखांवर माणसं रेल्वेने जायची. हे लगेच पटलं. जंक्शन म्हणजे काय ते आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही.

गाडी अडली १९२० वर. २०१४ च्या अभ्यासात साथीचं मूळ त्या सुमाराचं दिलंय, पण हाती असलेला सर्वांत जुना नमुना १९५९ चा, किन्शासातलाच. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, १९२० मा कोन देखाले गयता?" उत्परिवर्तनाच्या (जनुकांतल्या बदलांच्या) वेगावरून काढतात म्हटलं, तर एकीने विचारलं, तो वेग तरी कोणी मोजला?

जाणकारांनी सांगा. शिवाय हे गणित पोरांकडून करून घेता येईल का? कॉम्प्युटर जुने आहेत, नेट लहरी.

प्रतिसाद १
वेग नमुन्यांवरूनच निघतो. वेगवेगळ्या सालांचे नमुने घ्या. आडव्या अक्षावर साल, उभ्यावर वंशवृक्षाच्या मुळापासूनचं जनुकीय अंतर. ठिपके साधारण तिरप्या रेषेत पडतात. रेषेचा चढ म्हणजे वेग. ती मागे वाढवून जिथे शून्याला टेकते, ते मुळाचं साल. ठिपके थोडे विस्कटलेले असतात, म्हणून उत्तर नेमकं न येता १९०९ ते १९३० असं येतं.

मागच्या बाकासाठी: १९६० चा, मेणात जपलेला लसिकाग्रंथीचा तुकडाही किन्शासात सापडला. २००८ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल वोरोबी यांच्या गटाने त्यातल्या विषाणूचा जनुकीय क्रम वाचला. १९५९ च्या नमुन्याशी सुमारे १२ टक्के फरक! एकाच शहरात, वर्षभराच्या अंतराने. म्हणजे फांद्या कित्येक दशकं आधीच फुटल्या होत्या.

अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एचआयव्ही डेटाबेसमध्ये सालासकट क्रम मोफत मिळतात. 'मेगा' या सॉफ्टवेअरात वृक्ष काढा, 'टेम्पएस्ट' या दुसऱ्यात आलेख. एकदा उतरवले की नेट लागत नाही. संकरित (दोन विषाणूंच्या मिसळीतून झालेले) क्रम तेवढे वगळा, ते वृक्ष बिघडवतात.

धागाकर्ता
आभार! भारतातले क्रम घेऊ का? 'आपल्याकडे कोणी आणला' हे पोरांना हवंय.

प्रतिसाद २
घ्या. आपल्याकडे बहुतांश एचआयव्हीचा उपप्रकार सी आहे, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या विषाणूंचा भाऊबंद. पण 'कोणी' हे वृक्ष सांगत नाही, मधली असंख्य माणसं तपासलेलीच नसतात. अमेरिकेत एका विमान कर्मचाऱ्यावर 'पेशंट झिरो', म्हणजे साथ आणणारा पहिला रुग्ण, म्हणून वर्षानुवर्षं खापर फुटलं. २०१६ मध्ये त्याच्या विषाणूचा क्रम पाहिला, तर तो वृक्षाच्या मुळाशी नाही, मधल्याच एका फांदीवर निघाला. हे आधी सांगा, मग क्रम उतरवा.

धागाकर्ता
बरोबर. टेम्पएस्ट चालायला कॉम्प्युटरवर 'जावा' हे सॉफ्टवेअर लागतं का?

प्रतिसाद १
हो, आधी ते टाका.