मदत हवी आहे: मेट्रो-बीआरटी सवाल-जवाबासाठी मुद्दे

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणेशोत्सवात कलगी-तुऱ्याच्या धर्तीवर सवाल-जवाब बसवतोय. एक बाजू पुण्याच्या मेट्रोची, दुसरी बीआरटीची, म्हणजे स्वतंत्र लेनमधून धावणाऱ्या बसची. साथीला ढोलकी, डफ, तुणतुणं.

मेट्रोचा फड लगेच रंगला. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे सुरू झाली ते, लकडी पुलावर मेट्रोच्या उंचीमुळे विसर्जन मिरवणूक अडेल म्हणून पेटलेला वाद, सगळं शाहिरीत चपखल बसतं. बीआरटीची बाजू मात्र लंगडी पडतेय. २००६ चा कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग घेतला. मेट्रोच्या पैशात बीआरटीचे कितीतरी जास्त किलोमीटर होतात, हेही घालून पाहिलं, पण हिशेब डफावर चढत नाही. चढतं ते असं: रस्त्याच्या मधोमध थांबा, बसचं उजवीकडचं दार उघडतं, आजी पायरी न चढता थेट आत. ही बाजू तोडीस तोड व्हावी अशी मनापासून इच्छा आहे.

पक्ष-पुढाऱ्यांची नावं घेणार नाही. चाली ठरल्यात, शब्द आम्ही रचू. आयत्या कविता नकोत.

संगमवाडी-विश्रांतवाडी किंवा औंध-रावेत मार्गावर रोज जाणाऱ्यांनी सांगा: स्वतंत्र लेनमुळे तुमच्या प्रवासात डोळ्यांना दिसेल असं नेमकं काय बदललं?